लग्नसराईच्या रेंडरिंगमध्ये प्रोसेसर १०० अंशांवर: नेमके काय तपासावे आणि काय बदलावे?

नागपूर_चित्रफीत

नमस्कार मंडळी. नागपुरात माझा लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचा आणि संपादनाचा व्यवसाय आहे. एप्रिल आणि मे हे आमच्या कामाचे सर्वांत गर्दीचे महिने, आणि विदर्भातल्या उन्हाचेही तेच महिने, त्यामुळे खोलीतली हवा जेव्हा सर्वांत तापलेली असते नेमके तेव्हाच संगणक दिवसरात्र राबवावा लागतो.

संगणकात इंटेल कोअर आय७-१२७०० हा प्रोसेसर, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी मेमरी आणि आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे. प्रोसेसरसोबत खोक्यात आलेलाच कूलर बसवलेला आहे. कॅबिनेटची पुढची बाजू काचेची असून तिच्या आत तीन पंखे आहेत, आणि मागे एक.

हिवाळ्यात काहीही अडचण नव्हती. मार्चअखेरीपासून मात्र फिल्म एक्सपोर्ट करायला लावली की दोन-तीन मिनिटांत प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसवर जाऊन पोहोचते, पंखे कर्कश आवाज करू लागतात आणि जे काम जानेवारीत रात्रीच्या जेवणापूर्वी उरकत असे ते मध्यरात्रीपर्यंत रेंगाळते. संगणकावर काहीही चालू नसतानाही तापमान ५८ ते ६० अंश दिसते. खोलीत वातानुकूलन यंत्र नाही, साधा डेझर्ट कूलर आहे. दुपारी बाहेर ४४ अंश असतील तर खोलीत ३८ च्या आसपास तापमान असते.

माझे प्रश्न असे आहेत. १०० अंशांवर तासन्‌तास काम केल्याने प्रोसेसर जळेल का? ज्या दुकानातून संगणक जोडून घेतला त्यांनी लिक्विड कूलर बसवण्याचा सल्ला दिला आहे, तो खर्च खरोखर आवश्यक आहे का? आणि हातात कामे पडलेली असल्यामुळे संगणक चार दिवस दुकानात ठेवणे शक्य नाही, तर घरच्या घरी काय करता येईल?

दुरुस्तीघर (पुणे)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे आपल्या मनावरचा ताण थोडा हलका होईल. आय७-१२७०० साठी इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस हीच आहे. त्या मर्यादेला टेकताच प्रोसेसर स्वतःहून आपला वेग आणि वीज कमी करतो, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि एवढे करूनही तापमान बरेच वर गेलेच तर संगणक आपोआप बंद होतो. म्हणजे प्रोसेसर एका रात्रीत जळणार नाही. परंतु रोजचे आठ-दहा तास त्या कड्यावर काम करवून घेणे चांगले नाही, कारण शेजारच्या व्हीआरएमचे, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांचे, आयुष्यही त्या उष्णतेत घटते, आणि मुख्य म्हणजे आपण ज्या वेगाचे पैसे मोजले आहेत तो वेग आपल्याला मिळत नाही.

आता दुसरी गोष्ट. निदान होण्यापूर्वी एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष पंखे, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप), कूलरची बैठक, कॅबिनेटमधली हवा, बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममधली, सेटिंग आणि खोलीचे तापमान यांपैकी कशातही असू शकतो. तो न शोधता महागडा कूलर आणून बसवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कृपया एचडब्ल्यूइन्फो६४ हा विनामूल्य प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि त्यातला केवळ सेन्सर दाखवणारा पर्याय निवडा. तापमान तर पाहाच, पण त्याच्याबरोबर तीन आकडे अवश्य टिपा: सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे पूर्ण प्रोसेसर वापरतो ती वीज, किती वॅट आहे, पी-कोअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या वेगवान कोअरचा, वेग किती आहे आणि प्रोसेसरवरचा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो आहे. त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी दोनदा चालवा, एकदा कॅबिनेट आहे तसे बंद ठेवून आणि एकदा बाजूची काच काढून. दोन्ही वेळी खोलीचे तापमान साध्या थर्मामीटरने मोजून ठेवा, कारण त्या आकड्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

हे वाचताना एक सावधगिरी बाळगा. प्रोसेसर थ्रॉटल होत असेल तर काच काढल्यानंतरही तापमान १०० च दिसेल, आणि "काही फरक पडला नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल. अशा वेळी फरक तापमानात दिसत नाही, तो वॅटमध्ये आणि वेगात दिसतो. हवा चांगली मिळाली की प्रोसेसर त्याच १०० अंशांवर अधिक वीज वापरू शकतो, म्हणून वॅटचा आकडा वाढतो.

रिकाम्या अवस्थेतली पॅकेज पॉवरही कळवा. या प्रोसेसरला काम नसताना साधारण दहा-बारा वॅट पुरेसे व्हायला हवेत.

नागपूर_चित्रफीत

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दुपारी खोली ३८ अंशांवर असताना चाचण्या घेतल्या.

कॅबिनेट बंद असताना तापमान १०० अंशांवर खिळून राहिले, पॅकेज पॉवर सुरुवातीला काही क्षण १७० च्या वर गेली आणि मग घसरत घसरत ८८ वॅटवर स्थिरावली. काच काढल्यावर तापमान पुन्हा १०० च, पण पॉवर १०४ वॅटवर स्थिरावली आणि वेगही त्या प्रमाणात वाढलेला दिसला. दोन्ही वेळी प्रोसेसरचा पंखा त्याच्या पूर्ण वेगाने फिरत होता.

रिकाम्या अवस्थेत पॅकेज पॉवर ३० वॅट होती. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तेव्हा लक्षात आले की ग्राहकांना छायाचित्रे पाठवण्यासाठी जो क्लाउडवर फाइली चढवणारा प्रोग्रॅम ठेवला आहे, तो मागच्या सर्व लग्नांच्या फोल्डरांतील छायाचित्रांच्या लहान प्रती सतत तयार करत बसला होता. त्याला फक्त एकाच फोल्डरपुरते बांधून ठेवल्यावर पॉवर ११ वॅटवर आली आणि तापमान ४६ अंशांवर उतरले. म्हणजे एक कोडे तर सुटले, पण मुख्य अडचण तशीच आहे.

वॅटमापी (ठाणे)

आपण दिलेल्या आकड्यांवरून बरेच काही सांगता येते, आणि ते थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशा चर्चांमध्ये सगळे जण अंशांबद्दल बोलतात आणि वॅटबद्दल कोणीच बोलत नाही.

प्रोसेसर वापरतो ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती खोलीच्या हवेत नेऊन सोडणे एवढेच कूलरचे काम असते. म्हणून प्रोसेसरचे तापमान आणि खोलीचे तापमान यांतल्या फरकाला वॅटने भागले की कूलर, पेस्ट, बैठक आणि कॅबिनेट या सर्वांची मिळून कार्यक्षमता एका आकड्यात कळते. आपल्या बाबतीत १०० वजा ३८ म्हणजे ६२ अंश, भागिले ८८ वॅट, म्हणजे दर वॅटमागे सुमारे ०.७ अंश. काच काढल्यावर हाच आकडा ०.६ होतो. याचा अर्थ असा की पुढच्या काचेमुळे हवा कोंडते आहे हे खरे, पण काच काढल्यावरही ०.६ हा आकडा मला जास्तच वाटतो. म्हणून कूलरच्या बैठकीत किंवा पेस्टमध्येही काहीतरी कमी आहे, अशी माझी अटकळ आहे.

याच सूत्रातून हिवाळ्याचे रहस्यही उलगडते. जानेवारीत खोली २२ अंशांवर असेल तर १०० पर्यंत ७८ अंशांची मोकळीक मिळते, आणि त्याच ०.७ च्या हिशेबाने प्रोसेसरला १११ वॅट वापरता येतात. संगणक तोच, धूळही बहुधा तीच, पण खोलीतले सोळा अंश वाढले आणि तेवीस वॅट हातचे गेले.

आता बायोसकडे वळू. आय७-१२७०० ची मूळ पॉवर ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे वेग वाढवून काम करतानाची, कमाल पॉवर १८० वॅट अशी इंटेलची नोंद आहे. मूळ कल्पना अशी की प्रोसेसरने काही वेळापुरती १८० वॅटपर्यंत मजल मारावी आणि काम लांबले तर ६५ वॅटवर यावे. प्रत्यक्षात अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही दीर्घकालीन मर्यादा मुळातच फार वर ठेवलेली किंवा काढून टाकलेली असते, आणि मग प्रोसेसरला रोखणारी एकच गोष्ट उरते ती म्हणजे १०० अंशांचे तापमान. आपल्या संगणकात नेमके हेच चालले आहे. सोबत आलेला कूलर ६५ वॅटच्या हिशेबाने पुरेसा असतो, त्याच्याकडून १८० ची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे.

बायोसमध्ये लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट, म्हणजेच पीएल१, आणि शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट, म्हणजेच पीएल२, हे दोन पर्याय शोधा. आज रात्रीपुरते दोन्ही ८० वॅटवर ठेवा. आपल्याला वाटेल की वेग कमी होईल, पण विचार करून पाहा: आजही प्रोसेसर उष्णतेपायी ८८ वॅटवरच अडतो आहे. ८० वॅटवर गमावण्यासारखे फारसे नाही, आणि १०० अंशांवर आपटून मागे सरकण्याची त्याची सततची ओढाताण थांबते. वीज आणि वेग यांचे नाते सरळ नसते. शेवटचा काही टक्के वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते, म्हणून वरच्या टोकाचे वॅट नेहमीच महाग पडतात.

दुरुस्तीघर (पुणे)

वॅटमापी यांच्या अटकळीशी मी सहमत आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत अशा लक्षणांमागे बहुतेक वेळा कूलरची एखादी पिन सुटलेली सापडते. आपल्या कूलरला चार प्लास्टिकचे पाय असतात आणि प्रत्येक पायात एक पिन मदरबोर्डच्या भोकातून आरपार जाते. संगणक दुकानातून घरी आणताना आडवा ठेवला, रिक्षात हिसके बसले, किंवा बसवणाऱ्याने घाईत तीनच पिना नीट दाबल्या, की चौथा कोपरा अर्धा मिलिमीटर उचललेला राहतो. डोळ्यांना हे दिसत नाही. कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवून, वीज काढून, चारही पायांवर एकेक करून बोटाने दाब द्या. जो पाय किंचित खाली जातो किंवा ज्याच्याजवळ कूलर डुलतो, तो दोषी समजावा. मदरबोर्डच्या मागची बाजू कॅबिनेटच्या खिडकीतून दिसत असेल तर तिथूनही पाहता येते: नीट बसलेल्या पिनेची दोन टोके भोकातून बाहेर येऊन फाकलेली असतात आणि त्यांच्या मधोमध मधला दांडा पूर्ण उतरलेला असतो.

कूलर काढायचाच असेल तर आधी संगणक पाच-दहा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करा आणि वायर काढा. प्रत्येक पायाचा माथा त्याच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. कूलर सरळ उपसू नका, डावी-उजवीकडे हलकेच वळवत सोडवा. निघालेल्या पेस्टचा ठसा पुसण्यापूर्वी नीट पाहून घ्या आणि शक्यतो छायाचित्र काढा. सगळीकडे सारखा पातळ थर असेल तर दाब समान होता. एका कोपऱ्यात जाड, ओलसर गोळा आणि समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ उघडा धातू दिसत असेल तर कूलर तिरका बसला होता, आणि मग आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सूत न सोडणाऱ्या कापडाने पुसा. या पिढीच्या प्रोसेसरचा वरचा धातू चौकोनी नसून लांबट आहे, म्हणून मधोमध वाटाण्याएवढा एकच ठिपका देण्यापेक्षा लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढलेली बरी. पेस्ट चांगल्या नावाची असली की पुरे. दोन चांगल्या पेस्टांमधला फरक दोन-तीन अंशांचा असतो, बैठकीतला फरक दहा-पंधरा अंशांचा. बसवताना चारही माथे बाणाच्या उलट दिशेने फिरवून ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. प्रत्येक पिनेचा "टक" असा आवाज ऐकू आलाच पाहिजे. आवाज आला नाही तर मदरबोर्ड वाकेपर्यंत जोर लावू नका, पिन पुन्हा वर घेऊन सरळ करून पाहा.

अकोल्याची_वाचक

मी अकोल्यात एका संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहते. वर प्रोसेसरबद्दल योग्य तेच सांगितले गेले आहे, म्हणून मी केवळ वऱ्हाड-विदर्भातल्या खोलीबद्दल आणि हवेबद्दल लिहिते, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात हा भाग सहसा येत नाही.

खोलीचे तापमान एक अंशाने उतरले की प्रोसेसरचेही जवळपास एक अंशाने उतरते, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर हवा आठ-दहा अंशांनी सहज थंड करतो. म्हणून तो चालू ठेवणे फायद्याचेच आहे. बाष्पामुळे संगणकात पाणी साचेल ही भीती बाळगू नये, कारण चालू संगणकाचे भाग हवेपेक्षा गरम असतात आणि गरम पृष्ठभागावर दव धरत नाही. खरा धोका कूलरच्या झोतातून उडणाऱ्या बारीक थेंबांचा आहे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते. थेंब वाळला की क्षार मागे राहतो, आणि ताटीतल्या वाळ्याचे किंवा लाकडी भुश्याचे तंतू, धूळ आणि हा क्षार मिळून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरच्या कूलरच्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये एक चिकट पांढुरका थर बसतो, जो नुसत्या फुंकरीने निघत नाही. म्हणून कॅबिनेट झोताच्या रेषेत कधीही ठेवू नका. झोत समोरच्या भिंतीकडे वळवा, एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे हवा खेळती राहील, आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

साफसफाईसाठी ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने तो भरधाव फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साठते. हे काम गच्चीत किंवा अंगणात करावे. खोलीत केले तर तीच धूळ तासाभरात परत आत जाते.

आपल्या चार पंख्यांची दिशाही तपासा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि मधोमध लेबल असते त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे आत घेणारे आणि मागचा बाहेर टाकणारा असायला हवा. शंका असेल तर पेटलेली उदबत्ती जवळ धरून धूर कुठे जातो ते पाहावे. पुढची काच आणि पंखे यांच्यामध्ये हवेला जेमतेम बोटभर फट असेल तर तीन पंखे असूनही उपयोग नसतो. पुष्कळ कॅबिनेटांत ही काच चार स्क्रूंनी किंवा खटक्यांनी निघते. ती काढून तिथे बारीक जाळी लावली तर हवाही मिळेल आणि धूळही अडेल. आपले ग्राफिक्स कार्ड पूर्ण भारावर १७० वॅट वापरते आणि त्याची गरम हवा प्रोसेसरच्या कूलरच्या खालीच सोडते, हे विसरू नका. बंद खोक्यात प्रोसेसरला जी हवा मिळते ती ३८ अंशांची नसतेच, त्याहून बरीच गरम असते.

संपादन_मेज (नाशिक)

मीही चित्रफिती संपादित करतो, म्हणून एक वेगळा प्रश्न विचारतो: आपला प्रोसेसर एक्सपोर्टच्या वेळी एवढे कष्ट मुळात का करतो आहे? आपल्याकडे आरटीएक्स ३०६० असताना एच.२६५ या चित्रफीत-प्रकाराचे एन्कोडिंग, म्हणजे त्या प्रकारात फाइल तयार करणे, त्या कार्डाने करायला हवे. प्रीमिअर प्रोमध्ये एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर एन्कोडिंग निवडलेले राहिले असेल तर तेवढ्यानेच प्रोसेसर पूर्ण भारावर जातो.

तेही बरोबर असेल तर कॅमेऱ्याकडे पाहा. अलीकडचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगांची अधिक माहिती साठवणाऱ्या प्रकारात, चित्रण करतात. हा प्रकार उलगडण्याची, म्हणजे डीकोड करण्याची, सोय आपल्या ग्राफिक्स कार्डात नाही, त्यामुळे ते सगळे ओझे प्रोसेसरच्या कोअरवर पडते. गंमत नव्हे तर सोय अशी की आय७-१२७०० च्या आत यूएचडी ७७० हा ग्राफिक्स विभाग आहे आणि त्यातली क्विक सिंक यंत्रणा नेमके हेच काम फारच कमी विजेत करू शकते. परंतु वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले की अनेक मदरबोर्ड आतला ग्राफिक्स विभाग बंद करून टाकतात. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय सुरू करा, विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बसवा, आणि प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमधल्या मीडिया विभागात हार्डवेअर डीकोडिंगसाठी इंटेलसमोर खूण आहे ना ते पाहून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा.

कूलर बदलून आपण निर्माण झालेली उष्णता अधिक वेगाने बाहेर काढतो. या उपायात ती निर्माणच होत नाही. माझ्या मते लग्नाच्या फिल्म करणाऱ्या प्रत्येकाने हे सेटिंग सर्वांत आधी तपासावे, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि टाइमलाइनही अधिक मोकळेपणाने चालते.

नागपूर_चित्रफीत

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, म्हणून केलेल्या बदलांची नोंद क्रमाने देतो.

ग्राफिक्स कार्डाच्या बाजूची एक पिन खरोखरच अर्धी बसलेली होती. कूलर काढला तेव्हा त्या कोपऱ्यात पेस्ट जाड आणि करड्या लोण्यासारखी मऊ होती, तर समोरच्या टोकाला ती सुकून तिला तडे गेले होते. पेस्ट नव्याने लावून चारही पिना आवाज येईपर्यंत बसवल्या. पुढची काच काढून जाळी लावली. मागचा पंखा योग्य दिशेनेच होता, पण पुढच्या तीनांपैकी सर्वांत वरचा उलटा बसवलेला निघाला, तो फिरवून घेतला. कॅबिनेट डेझर्ट कूलरच्या समोरून काढून दुसऱ्या भिंतीकडे नेले.

एवढे झाल्यावर खोली पुन्हा ३८ अंशांवर असताना पूर्वीसारखीच चाचणी घेतली. मर्यादा न घालता पॅकेज पॉवर ११७ वॅटवर स्थिरावली, म्हणजे वॅटमापी यांच्या सूत्राने ०.५३. मग पीएल१ आणि पीएल२ दोन्ही ९० वॅटवर बांधले, तेव्हा तापमान ८५-८६ अंशांच्या वर गेले नाही आणि पंख्याचा आवाजही पुष्कळ उतरला.

माझा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्येच चित्रण करतो आणि बायोसमध्ये आतला ग्राफिक्स विभाग बंदच होता. तो सुरू केल्यावर प्रत्यक्ष लग्नाची फिल्म एक्सपोर्ट करताना पॅकेज पॉवर ९० पर्यंत पोहोचतच नाही, बहुतेक वेळ ती साठीच्या घरात राहते आणि तापमान सत्तरीत. काम हिवाळ्यापेक्षाही लवकर संपते आहे.

दोन शंका उरल्या आहेत. पावसाळ्यानंतर मोठा कूलर घ्यायचा विचार आहे, तेव्हा लिक्विड घ्यावा की हवेचा? आणि व्होल्टेज कमी करून तापमान आणखी उतरवता येते असे वाचले, ते करावे का?

वॅटमापी (ठाणे)

आकडे इतक्या नीटपणे नोंदवल्याबद्दल आपले आभार मानायला हवेत, यापुढे हाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना त्यांचा उपयोग होईल.

लिक्विड कूलरची आपल्याला गरज नाही. त्यातले पाणी उष्णता प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेते, पण रेडिएटरला शेवटी तीच ३८ अंशांची हवा मिळते, त्यामुळे खोलीच्या खाली तापमान नेणे त्यालाही शक्य नसते. २०० वॅटच्या वर सतत काम करणाऱ्या प्रोसेसरला त्याचा उपयोग आहे. आपल्या ६० ते १२० वॅटसाठी १२० मिलिमीटरच्या पंख्याचा चार किंवा सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) असलेला टॉवर कूलर, म्हणजे उभ्या मनोऱ्यासारखा हवेचा कूलर, पुरेसा आहे, आणि त्यात पंप नसल्यामुळे बिघडण्यासारखा भाग पंखा एवढाच. डीपकूल एके४०० किंवा थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई हे दोन्ही साधारण १५५ मिलिमीटर उंच आहेत. म्हणून आपल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डपासून बाजूच्या काचेपर्यंत किती जागा आहे ते आधी पट्टीने मोजा. कूलरसोबत एलजीए१७०० चे, म्हणजे आपल्या प्रोसेसरच्या सॉकेटचे, माउंटिंग किट आहे याचीही खात्री करा, कारण या सॉकेटची भोके एकमेकांपासून ७८ मिलिमीटरवर आहेत आणि आधीच्या पिढ्यांची ७५ मिलिमीटरवर. जुन्या साठ्यातला कूलर स्वस्त मिळतो आणि नेमका इथेच अडतो. टॉवर कूलरला मागून धातूची पट्टी आणि स्क्रू असतात, त्यामुळे पिना सुटण्याचा प्रश्नच राहत नाही. बसवताना तळाची पारदर्शक प्लास्टिकची पापुद्री काढायला विसरू नका.

व्होल्टेजच्या बाबतीत मी थांबण्याचा सल्ला देईन. आपला प्रोसेसर के मालिकेतला, म्हणजे वेग-व्होल्टेज बदलण्याची मुभा असलेला, नाही आणि बी६६० मदरबोर्डवर त्याचे व्होल्टेज थेट कमी करण्यावर बंधने आहेत. काही जण बायोसमधले लोडलाइनचे, म्हणजे भार वाढल्यावर व्होल्टेज किती उतरते ते ठरवणारे, आकडे बदलून ते साधतात, पण ते जास्त खाली नेले तर प्रोसेसरची संरक्षक यंत्रणा आतल्या आत काम मंद करते: घड्याळाचा वेग तोच दिसतो, तापमान उतरलेले दिसते आणि एक्सपोर्टला मात्र जास्त वेळ लागतो. कोणी प्रयोग केलाच तर तापमानावर समाधान न मानता सिनेबेंचचे गुण आधी आणि नंतर ताडून पाहावेत. आपल्या व्यवसायात रात्री लावलेले एक्सपोर्ट पहाटे अर्धवट तुटलेले सापडणे परवडणारे नाही, म्हणून हंगाम संपेपर्यंत ९० वॅटची मर्यादाच ठेवावी. ऑक्टोबरचा उकाडा ओसरून खोली २५-२६ अंशांवर आली की तीच मर्यादा ११० वॅटपर्यंत वाढवायला हरकत नाही, ०.५३ च्या हिशेबाने तापमान तेव्हाही ८५ च्या आतबाहेरच राहील.